फळा सगळ्यांचा, खडू कोणाच्या हाती?



तोडणी कार्यक्रमाची बैठक म्हटली की चित्र ठरलेले असते. पुढच्या रांगेतले चार-पाच जण बोलतात, मागचे माना डोलावतात, आणि खरी चर्चा चहा झाल्यावर बाहेर झाडाखाली रंगते. ‘त्या चारीवरून भरलेली ट्रॉली जायची नाही’ हे सभेत कोणी म्हणत नाही; ट्रॉली रुतल्यावर सगळेच म्हणतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे आपण जाणतोच. तो बांधावर वाळत पडला की सभासदाचे वजन घटते आणि कारखान्याचा उतारा घसरतो. न बोललेल्या एका वाक्याची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

हल्ली संगणकावर व मोबाइलवर ‘ऑनलाइन व्हाइटबोर्ड’ म्हणून एक सोय झाली आहे. हा इंटरनेटवरचा फळाच समजा. लिंक पाठवली की प्रत्येक जण आपल्या जागेवरून त्याच फळ्यावर चिठ्ठी चिकटवतो, रेघ ओढतो, आणि दुसऱ्याने लिहिलेले लगेच पाहतो. मिरो, फिगजॅम, एक्सकॅलिड्रॉ ही त्यांतली काही नावे. कंपन्या त्यावर आपल्या कामाचे आराखडे करतात. आपण त्यावर शिवाराचा आराखडा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यात आपल्याला परके असे काही नाही. 1990 च्या सुमारास आपल्या देशात स्वयंसेवी संस्थांनी खेड्यापाड्यांत लोकांकडूनच जमिनीवर रांगोळीने व खड्यांनी गावाचे नकाशे काढून घेतले. रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाने ही पद्धत जगापुढे मांडली. सभेत गप्प बसणारा माणूसही खाली वाकून ‘विहीर इथे नाही, तिकडे’ म्हणून खडा सरकवीत असे.

अनेकांनी एकत्र बसून कल्पना सुचवाव्यात, हा मार्ग अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी 1953 च्या पुस्तकात मांडला. पण 1958 साली येल विद्यापीठातील प्रयोगात निराळेच दिसले: तितकीच माणसे वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या अधिक निघाल्या. पुढे 1987 मध्ये डील व स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे एक मोठे कारण दाखवले. सभेत एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात. आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात किंवा गिळून टाकतात. फळ्यावर मात्र सगळे एकाच वेळी लिहू शकतात.

म्हणून आमची सूचना अशी. एकलहरे शिवाराचा कच्चा नकाशा फळ्यावर काढावा. गोदावरी, वीज केंद्र, रस्ते, पाणंदी व चाऱ्या एवढे पुरे. प्रत्येकाने आपल्या उसावर चिठ्ठी लावावी: लागणीची तारीख, जात, लागण की खोडवा, आणि ट्रॉली कोणत्या वाटेने बाहेर पडेल. पहिली दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त लिहायचे. अध्यक्ष व आम्हा शेतकी खात्याची माणसे यांनी आपली चिठ्ठी सर्वांत शेवटी लावावी. नाहीतर बाकीच्या चिठ्ठ्या तिच्याच नकला होतील.

मात्र खडू कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे. लिंक नुसती ‘पाहण्यापुरती’ पाठवली तर तो फळा नव्हे, नोटीस झाली. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल नाही, त्यांची चिठ्ठी चिटबॉयने कागदावर घेऊन जशीच्या तशी चढवावी. शेत सांभाळणाऱ्या भगिनी आणि टोळीचे मुकादम यांनाही लिहू द्यावे. कोणती वाट पावसाने खचली हे त्यांना आपल्याआधी कळते.

दुसरे, फळ्यावर दप्तर सोपवू नये. गुगलने आपला ‘जॅमबोर्ड’ हा फळा 31 डिसेंबर 2024 रोजी बंद केला. म्हणून नक्कल आपल्याकडे असलेली बरी. बैठक संपली की आराखडा छापून गट कार्यालयात लावावा. आणि निर्णय नेहमीप्रमाणे सभेतच, ठरावाने व्हावा. फळा सुचवील, ठरवायचे सभासदांनीच.

गाळप हंगामाआधी एका गटात हे करून पाहावे. खर्च फारसा नाही. पुढच्या रांगेने दहा मिनिटे गप्प बसायचे, एवढाच काय तो खर्च. आणि तो सोसावा, ही विनंती.