राहून गेलेला दुखवटा

टाळेबंदीचा मनावर काय परिणाम झाला, असा विषय निघाला की एकटेपणा, गेलेल्या नोकऱ्या, घरात कोंडलेली मुले यांची चर्चा होते, आणि ती अस्थानी नाही. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार व नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२२ मध्ये नमूद केले. परंतु त्या दिवसांत ज्या घरांतले माणूस गेले, त्यांच्या दुःखाची जात निराळी होती, आणि तिची दखल माझ्या मते अद्याप कोणी घेतलेली नाही.

मृत्यू हा आपल्याकडे एका घराचा खाजगी मामला कधीच नव्हता. चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलेभाताचे पातेले येते, खांदा द्यायला भाचे-पुतणे न बोलावता उभे राहतात, आणि दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की घाटावरची सारी मंडळी गेलेल्याच्या मनात काय राहिले असावे याचा तर्क चालविते, तोवर कोणी वडीलधारा ‘नातीचे लग्न आम्ही लावून देऊ’ असे मोठ्याने सांगून मोकळा होतो. या विधींवर ज्यांची श्रद्धा नाही (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच) त्यांनाही एवढे कबूल करावे लागेल, की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत पुनःपुन्हा सांगता सांगताच घरच्यांना झाले ते खरे वाटू लागते. टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा उरली. करोनाने गेलेल्यांच्या घरी तर मुलगा विलगीकरणात, सून तापाने अंथरुणावर आणि देह पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन, अशी अवस्था अनेकांनी पाहिली.

हे निर्बंध अनाठायी होते, असे मी म्हणत नाही. ज्या कायद्यांच्या आधारे ते घातले गेले, त्यांतला एक १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या धामधुमीत झालेला. त्यात मनाची तजवीज शोधणे व्यर्थ. आक्षेप आहे तो पुढच्या वर्षांविषयी. भरपाईचा मामला सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर शासनाने दाखला आणि अर्ज पाहून ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य दिले, आणि दप्तर बांधून ठेवले.

दीर्घकाळ न ओसरणारा शोक हा स्वतंत्र विकार म्हणून १ जानेवारी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात अमलात आला आहे. त्याच वर्षी केंद्राची टेलिमानस ही दूरध्वनीसेवाही (१४४१६) सुरू झाली. पण बापाचा रुग्णालयातून आलेला शेवटचा ध्वनिसंदेश जो फोनमधून पुसतही नाही आणि ऐकतही नाही, त्याला आपल्याला काही झाले आहे असेच वाटत नसेल, तर तो हा क्रमांक फिरविणार कशाला? त्याच्या दारी कोणीतरी जावयास हवे. साहाय्य मिळालेल्या कुटुंबांची नावनिशी सरकारी दप्तरांत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप आणि प्राणवायू मोजीत घरोघर फिरलेल्या आशाताईही आहेत. थोडे प्रशिक्षण आणि या कामाचे वेगळे मानधन देऊन (फुकट राबवून घेण्याचा शिरस्ता आता पुरे) त्यांनाच ती यादी घेऊन पुन्हा पाठविता येईल.