पाहुणा येऊ दे, प्रवाळही राहू दे

मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याच्याभोवती स्नॉर्केलिंग करायला येणारा पर्यटक काही सगळाच श्रीमंत नसतो. तो गावातल्या घरात उतरतो, मासे-सोलकढी जेवतो आणि त्याचे चार पैसे थेट चुलीपर्यंत पोचतात. जाळे रिकामे आले त्या दिवशी हा आधार लहान नव्हे. पण तो बघायला येतो ते प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. त्यावर नांगर पडला की संपलेच! १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. नुसत्या कागदाने प्रवाळ वाचते थोडेच? होडी बोयाला बांधा, पाहुण्याला प्रवाळावर पाय टेकू देऊ नका. उद्या पाण्याखाली नुसते दगड उरले, तर तुमच्या दारी पाहुणा येईल कशाला?