पोटांतील बिऱ्हाडकरू

पाहुणा आला कीं पोळी, एरवीं ज्वारीची भाकरी, अशी वऱ्हाडांतील पुष्कळ घरांची रीत होती. अकोला-अमरावतीकडील काळ्या जमिनींत सोयाबीन पसरलें, ज्वारी ओसरली, आणि आतां भाकरीच पाहुणी झाली आहे. गव्हांत कोंडा नसतो असें नव्हे. परंतु आपण तो चाळून टाकतों, आणि पाव-बिस्किटांत तर निव्वळ मैदाच. याचा परिणाम कोठें होतो तें आज पाहूं.

मोठ्या आतड्यांत असंख्य जंतु बिऱ्हाड करून असतात. जंतु म्हणजे रोग, ही समजूत येथें सोडावी. आतड्याचें अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचें. त्यावरील श्लेष्म्याचा बुळबुळीत लेप हीच घरधनी व बिऱ्हाडकरू यांच्यामधील भिंत. जो कोंडा आपणांस पचत नाहीं तो हे जंतु आंबवितात, व त्यांतून निघणारें ब्युटिरिक आम्ल हेंच अस्तराच्या पेशींचें मुख्य इंधन होय. शरीराच्या रक्षक पेशींचा मोठा भाग याच भिंतीपाशीं वसतो. त्यांतील ज्या पेशी इतरांस आवरून धरतात त्यांची वाढ या आम्लानें होते, असें २०१३ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसलें. हा आवर सुटला तर रक्षक निरुपद्रवी जंतूंवरच तुटून पडतात आणि अस्तर सुजतें.

महेश देसाई व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या अन्नांतील चोथा बंद केला. उपाशी जंतूंनीं तो लेपच खाण्यास आरंभ केला, आणि रोगजंतूंचें फावलें. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें खरें. पण भिंत दोघांचीहि तशीच.

पुण्याचे योगेश शौचे यांच्या गटानें २०१२ सालीं दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्या तपासल्या, तेव्हां एका छपराखालींहि वयाप्रमाणें जंतु निराळे आढळले. म्हणून नातवाला भाकरी जड गेली तर आजीनें रागावूं नये. बेतानें वाढवावी. शौचावाटे रक्त पडत असेल त्यानें मात्र आधीं डॉक्टर गांठावा. आणि मागच्या आजारांतील उरलेल्या जंतुनाशक गोळ्या मनानें घेऊं नयेत, कारण त्या बिऱ्हाडकरूंनाहि मारतात.

आमच्या घरीं आठवड्यांतून चार दिवस भाकरी सुरू झाली. प्रथम पोटें फुगलीं, कुरकुर झाली. आतां कुरकुर उरली आहे ती बारा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या सूनबाईंची. ती रास्त असल्यामुळें रविवारचें थापणें आम्हीं आपणांकडे घेतलें आहे. भाकरी अजून गोल होत नाहीं.