जोड्या कुठे संपतात?

७२ चे विभाजक लिहायला सांगितले की बहुतेक मुले १, २, ३, ४ अशी सुरुवात बरोबर करतात. ९ च्या पुढे मात्र अंदाज सुरू होतो: १२ सापडतो, ३६ आठवतो, १८ किंवा २४ राहून जातो. विभाजक सुटे गोळा न करता जोडीने लिहिले तर हा घोळ टळतो. १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९. मधल्या ५ आणि ७ ने भाग जात नाही. ९ घ्यावा तर त्याचा जोडीदार ८ आधीच येऊन गेलेला. यादी तिथे पूर्ण होते.

थांबण्याची ही जागा वर्गमूळ ठरवते. जोडीतल्या दोन्ही संख्या वर्गमुळाहून मोठ्या असत्या, तर त्यांचा गुणाकार मूळ संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून लहान जोडीदार वर्गमुळाच्या पलीकडे असूच शकत नाही. ८ चा वर्ग ६४, ९ चा ८१. तेव्हा ७२ साठी ८ पर्यंतची तपासणी पुरते. वर्गात हे कारण बहुधा मूळसंख्या ओळखण्यापुरतेच सांगितले जाते. ते जोड्यांच्या पाठातच यायला हवे, कारण ‘सगळे आले का?’ ही शंका मुलांना तिथेच पडते. ३६ सारख्या पूर्ण वर्गात ६ चा जोडीदार ६ च असतो, म्हणून विभाजक नऊ, म्हणजे विषम, भरतात.

ताळा मूळ अवयवांवरून घेता येतो. ७२ = २³ × ३²; घातांकांत एकेक मिळवून गुणले की ४ × ३ = १२ विभाजक, म्हणजे सहा जोड्या.

५१, ५७, ८७, ९१ या संख्या दिसायला मूळसंख्यांसारख्या, आणि हमखास फसवणाऱ्या. ‘सतरा त्रिक एक्कावन्न’ तोंडपाठ असलेले मूल ५१ ला फसत नाही. इतरांना अंकांची बेरीज करून ३ ची कसोटी लावावी लागते. ९१ ला तीही उपयोगी नाही; तिथे ७ ने भागूनच पाहावे लागते.

जोड्यांचा खरा कस वर्गत्रिपदीत लागतो. ७२ च्या जोड्यांच्या बेरजा क्रमाने ७३, ३८, २७, २२, १८, १७ अशा उतरत जातात. त्यामुळे x² + २२x + ७२ मध्ये ४ आणि १८ चटकन निवडता येतात. मधले पद १९x असेल, तर बेरीज २२ वरून थेट १८ वर उतरलेली दिसते आणि पूर्णांकी अवयव पडत नाहीत हे सिद्धच होते. अंदाजाने शोधणारा विद्यार्थी इथे उगाच चाचपडत राहतो. मधले पद −६x आणि शेवटचे −७२ असेल, तर बेरजेऐवजी फरक पाहायचा: −१२ आणि ६.

मोठ्या संख्यांत जोडीदार एकमेकांजवळ असले, तर १ पासून चढत जाणे महाग पडते. १५९१ साठी मूळसंख्यांनी भागत गेल्यास ३७ पर्यंत जावे लागते. त्याऐवजी वर्गमुळाच्या लगतची वरची संख्या, ४०, घ्यावी: १६०० − १५९१ = ९, हा ३ चा वर्ग. म्हणून १५९१ = (४० − ३)(४० + ३) = ३७ × ४३. वजाबाकीतून वर्ग मिळाला नसता, तर ४१, ४२ असे पुढे जायचे. ही रीत फेर्माच्या नावाने ओळखली जाते. पण त्याच्या सुमारे तीन शतके आधी, १३५६ मध्ये, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त याच धर्तीची रीत दिली होती.