गेल्या पाच वर्षांचे पेपर

दिवाळीची सुट्टी संपली की सेमिस्टरची परीक्षा. त्यामुळे यंदाही बऱ्याच घरांत फराळाच्या ताटाशेजारी जुन्या पेपरांचा स्पायरल केलेला गठ्ठा पडलेला असेल. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो आयता मिळतो. ‘बर्नुलीचे समीकरण सिद्ध करा’, आणि पुढे कंसात बारीक अक्षरांत मे २०१८, डिसेंबर २०१९, मे २०२३, गुण ८. ज्याचा कंस लांब तो प्रश्न ‘आयएमपी’. ज्या धड्याला कंसच नाही, तो ऑप्शनला.

याला अभ्यास म्हणायचे की लबाडी? आमच्या मते यात लबाडी नाही. पेपर फोडणे हा गुन्हा आहे. राज्यात त्यासाठी १९८२चा कायदा आहे आणि २०२४मध्ये केंद्रानेही सार्वजनिक परीक्षांसाठी कायदा केला. पण होऊन गेलेला पेपर सर्वांचा असतो. लोकसेवा आयोग आपले जुने पेपर स्वतःच संकेतस्थळावर ठेवतो, ‘गेट’चेही मिळतात. म्हणून त्या परीक्षा सोप्या झालेल्या नाहीत, कारण तिथे दर वर्षी नव्याने प्रश्न काढण्याचे कष्ट घेतले जातात.

हे कष्ट जिथे टाळले जातात, तिथे मुले सिद्धता घडाघडा लिहितात. प्रवाह स्थिर आणि घर्षणरहित का धरला, एवढे विचारले की गप्प होतात. हा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तोच प्रश्न, तेच आकडे पुन्हा देणाऱ्यानेच त्यांना पाठांतर शिकवले.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच. स्वायत्त महाविद्यालयांत शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे बहुधा एकच असतात. काही ठिकाणी परीक्षा संपताच प्रश्नपत्रिका परत घेतली जाते. तरीही ती हॉस्टेलमधल्या सीनियरकडून ओळखीच्यांना मिळतेच. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीपर्यंत मात्र ती पोचत नाही. दोघांनी सोडवायचा पेपर एकच, पण एकाला प्रश्न आधीच ठाऊक. अनीती आहे ती इथे.

म्हणून प्राध्यापक वाचकांना कळकळीची विनंती : प्रत्येक झालेला पेपर ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवा आणि पुढचा काढताना तो समोर घेऊन बसा. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडचा गठ्ठा जो मागेल त्याला द्या, न मागणाऱ्यालाही विचारा.

– संपादक