जोखीम जनतेची, लाभ कोणाचा?

क्षयरोगाची रेणवीय चाचणी एके काळी मोठ्या शहरांतील सुसज्ज प्रयोगशाळांपुरती होती. गोव्यातील मोलबायो व बंगळूरची बिगटेक या कंपन्यांनी ती बॅटरीवर चालणाऱ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावणाऱ्या 'ट्रूनॅट' यंत्रात बसविली. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथे या कामगिरीचे मोल वेगळे सांगावयास नको.

मात्र हे यंत्र केवळ उद्योजकांच्या हिमतीवर उभे राहिले, असे नव्हे. आरंभीच्या वर्षांत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे अर्थसाह्य लाभले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते पारखून घेतले. आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रम हा त्याचा मोठा ग्राहक ठरला. अशा कामाला दहा-दहा वर्षे लागतात, तारण ठेवण्यास कंपनीजवळ काही नसते, आणि अंतिम उपभोक्ता दरिद्री असतो. खाजगी भांडवल तेथे आपणहून फिरकत नाही. म्हणून लहान कंपन्यांना सार्वजनिक पैसा द्यावा, किंबहुना आजच्याहून अधिक द्यावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. वाद आहे तो अटींचा.

अमेरिकेतील सेफीड कंपनीचे उदाहरण पाहावे. तिच्या 'जीनएक्स्पर्ट' यंत्राच्या विकासात सुमारे 25 कोटी डॉलर सार्वजनिक पैसा गुंतला, असा अंदाज 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. 2016 साली डॅनाहर या बड्या समूहाने ती कंपनी 4 अब्ज डॉलरना विकत घेतली. गरीब देशांसाठी क्षयचाचणीच्या काडतुसाचा भाव 2012 पासून 9.98 डॉलर होता. तो 7.97 डॉलरवर यावयास 2023 उजाडावे लागले, तेही रुग्णसंघटना व डॉक्टर यांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यावर. पैसा देताना किमतीचा करार केला असता, तर ही याचना करावी लागली नसती.

आपल्याकडे चित्र फार निराळे नाही. 2022 मध्ये मोलबायोत साडेआठ कोटी डॉलर गुंतवून भागीदार झाली ती टेमासेक, म्हणजे सिंगापूर सरकारच्याच मालकीची गुंतवणूक कंपनी! दुसऱ्या देशाचे सरकार समभाग घेते, तेव्हा त्याला कोणी समाजवादाचे भूत म्हणत नाही. आपल्या योजनांचा भर मात्र अनुदाने व अल्प व्याजाची कर्जे यांवर राहिला. बायरॅकने समभागाची वाट उघडली आहे खरी.

अर्थखात्याने तीन गोष्टी मान्य कराव्यात. मोठ्या साह्याच्या बदल्यात समभाग. सरकारी खरेदीसाठी उत्पादनखर्चाशी बांधलेला, लेखापरीक्षणास खुला भाव. आणि कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर बंधनकारक राहणारा करार. त्याच्या मोबदल्यात सरकारनेही खरेदीची हमी द्यावी व देयके वेळेवर चुकवावीत. लहान कंपनी अनेकदा संशोधन फसल्याने बुडत नाही, थकलेल्या बिलांपायी बुडते.