चौथी फरशी, सातवी ओळ

प्राध्यापकाने घरच्या मुलाला शिकवायला बसावे, यासारखे धाडस नाही. वर्गातली मुले निदान चोरून घड्याळाकडे बघतात. घरचे चिरंजीव तोंडावर जांभई देतात.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांना नकाशावरची जागा आकड्यांनी कशी सांगतात, हे समजावून द्यायचे होते. भूगोलाच्या सहकाऱ्याकडून मोर्शीकडचा जुना नकाशा मागून आणला. आकडे पाहताच जांभई आली. मग मी एक पणती शहाबादी फरशीवर ठेवली.

"सांग, कुठे आहे?"

"कोपऱ्यापासून उजवीकडे चौथी फरशी, वर सातवी ओळ."

"झाले! उजवीकडे पूर्व, वर उत्तर. पूर्वेचा आकडा नेहमी आधी. उलटे वाचलेस तर भलत्याच फरशीवर जाशील. आजी अकोल्याहून इथे अमरावतीला आली, म्हणजे पाऊण अंश पूर्वेकडे आणि जेमतेम पाव अंश उत्तरेकडे सरकली."

प्रत्येक चौकटीचे दोन्हीकडून मनाने दहा-दहा भाग केले, की चाराचे सहा आकडे होतात आणि किलोमीटरच्या चौकटीतली जागा शंभर मीटरांपर्यंत नेमकी सांगता येते, हेही त्याला पटले.

आई वाती वळत होती. "माह्यं माहेर हाय का रे त्याच्यात?"

गाव सापडले. चिरंजीवांनी ऐटीत सहा आकडे सांगितले, आणि नदीचे वळण धरून मोबाईलवरच्या नव्या नकाशात तीच जागा काढली.

"आजी, इथे तर नुसते पाणी आहे!"

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवरचे ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ साली पुरे झाले. आईचे गाव त्या पाण्याखाली आहे. अमरावतीच्या नळांना तेच पाणी येते, आमच्याही.

"म्हंजे आकडे हायेत, गाव नाई," आई म्हणाली.

मी पणती उचलू लागलो.

"राहू दे इथीच. हे आमचं घर." तिने तबकातल्या आणखी पणत्या घेतल्या. "हा मारुतीचा पार. हे विहीर."

"आजी, विहीर घराच्या कुठल्या बाजूला होती?"

ती क्षणभर थांबली. "सूर्य विहिरीवरूनच निंघे, बाप्पा."

चिरंजीवांनी ती पणती घराच्या उजवीकडच्या फरशीवर सरकवली, आणि वहीत लिहिले : विहीर – पाच, सात.